आधी कारण, मग पिस्टन : जाम झालेल्या टू-स्ट्रोक इंजिनाची फेरबांधणी

बुलडाणा जिल्ह्यातले सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. वऱ्हाडाच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि ऐन थंडीतल्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. या हवामानात टू-स्ट्रोक गाड्या वापरणाऱ्यांना एक कोडे हमखास पडते. हेड घासून, पोर्ट मोठे करून जोरदार बनवलेली जुनी यामाहा आरएक्स १०० भर उन्हाळ्याच्या दुपारीही कुरकुर करत नाही. तीच गाडी डिसेंबरच्या सकाळी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर काही मिनिटे धावते, एकदम आवळल्यासारखी होते, मागचे चाक घसटत जाते आणि नंतर किक खालीच जात नाही. इंजिन 'सीझ' झालेले असते. तापून जाम व्हायचे, तर ते उन्हाळ्यात व्हायला हवे होते. मग थंडीत का झाले?

याचे उत्तर कळले, की टू-स्ट्रोक इंजिनाची फेरबांधणी कशी करायची हेही निम्मे कळते. कारण बिघडलेले इंजिन पुन्हा बांधताना सगळ्यात अवघड काम नवा पिस्टन बसवण्याचे नसते. जुना पिस्टन कशाने गेला हे शोधून काढणे, हे खरे काम.

एका फेरीत एक स्फोट

स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोकमध्ये ते प्रत्येक फेरीला पेटते. आरएक्स १०० चे इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे घेते तेव्हा त्याच्या ९८ सीसीच्या सिलिंडरात सेकंदाला १२५ स्फोट होत असतात. छोट्या इंजिनातून मोठा जोर निघतो तो यामुळे. आणि पिस्टनला थंड व्हायला उसंत मिळत नाही, तीही यामुळेच.

या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पिस्टनची खालची बाजू लोहाराच्या भात्यासारखी काम करते. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण ओढले जाते. खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात शिरते आणि जळालेला धूर बाहेर ढकलते. भात्याला चीर पडली तर वारा नीट येत नाही. क्रँककेसला बारीकशी गळती लागली, तर या इंजिनाचेही तसेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण निम्म्या बिघाडांची मुळे तिथे सापडतात.

क्रँककेसमधून मिश्रण जात असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखे ऑइल भरून ठेवता येत नाही. बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना जे काही वंगण मिळते, ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या थेंबाथेंबातून. आरएक्स १०० मध्ये हे काम वेगळा ऑइल पंप करतो. कपाशीवर फवारणी करणाऱ्या टू-स्ट्रोक पंपात किंवा लाकूड कापण्याच्या साखळी-करवतीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शर्यतीच्या इंजिनांतही बहुतेक वेळा पंप काढून टाकतात आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात.

राजदूत आणि वाळूतली क्वाड

शर्यतीच्या क्वाडचे, म्हणजे चार जाड टायरांच्या मोकळ्या गाडीचे, सर्वांत गाजलेले टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्या 'बॅन्शी'चे. ही गाडी १९८७ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली आणि वाळूच्या टेकड्यांवरच्या शर्यतींत तिने नाव कमावले. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, ६४ मि.मी. बोअर आणि ५४ मि.मी. स्ट्रोक, असे तिचे माप. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० चे मापही हेच : ६४ बाय ५४, ३४७ सीसी. दोन्ही यामाहाच्या आरडी घराण्यातली. राजदूत हवेने थंड होणारी, बॅन्शी पाण्याने थंड होणारी. बाकी तत्त्व तेच. म्हणून अमेरिकेतल्या वाळूत बॅन्शीचे इंजिन ज्या कारणांनी जाते, त्याच कारणांनी पुण्यातली राजदूत आणि वऱ्हाडातली आरएक्सही जाते. दुरुस्तीचे नियमही सारखेच.

अशी इंजिने 'जोरदार' होतात त्यात सायलेन्सरचा वाटा मोठा असतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीतून बाहेर धावते. फुगीर पोटाच्या नळीत ती लाट शेवटच्या निमुळत्या भागावर आदळून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यातले अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या लाटेचा नीट अभ्यास केला. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती गाठली. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि सुझुकीला मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीवर बसून त्याने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. त्यानंतर हे तंत्र जपानी कारखान्यांत झपाट्याने पसरले.

आरएक्स १०० ची कारखान्यातून येणारी ताकद ११ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सुमारे ११२. ती वाढवायला गेले की उष्णताही वाढते आणि चुकीला जागा उरत नाही. साध्या गाडीत जी कसर खपून जाते, ती जोर वाढवलेल्या इंजिनात पिस्टन खाते.

थंडीत जाम होण्याची दोन कारणे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. पहिले कारण हवेचे वजन. १० अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, मात्र तेवढेच राहते. दाट हवेबरोबर पेट्रोल थोडे जास्त ओढले जाते, पण हवेच्या प्रमाणात नाही. मिश्रण साधारण ५-६ टक्क्यांनी पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल फक्त जळत नाही. त्याची वाफ होताना पिस्टन थंडही होतो. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेले असेल, तर पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. उन्हाळ्यात बेताचे वाटणारे जेट थंडीत अपुरे पडते ते असे.

दुसरे कारण धातूच्या फुगण्याचे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडरचे अस्तर ओतीव लोखंडाचे असते. तेवढ्याच तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ५० मि.मी. व्यासाच्या पिस्टनचा माथा २०० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.२ मि.मी. वाढतो, आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यातली ठेवलेली फट मात्र ०.०५ मि.मी.च्या आसपास असते. म्हणूनच पिस्टन खालून वर किंचित निमुळता आणि थोडा अंडाकृती घडवलेला असतो. थंड सकाळी गाडी सुरू करून लगेच पिळली, तर पिस्टन झटकन फुगतो, जाड सिलिंडर अजून थंडच असतो, आणि फट संपते.

आता यात तिसरी गोष्ट आली आहे, ती बारमाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. साधे पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्याच जेटवर नवे पेट्रोल घातले, की मिश्रण आपोआप पातळ होते. इथेनॉल पाणीही ओढून घेते आणि जुन्या रबरी सीलना मानवत नाही. १९८० च्या दशकातली इंजिने या इंधनासाठी बनलेली नव्हती. त्यांची फेरबांधणी करताना हे धरूनच चालावे लागते.

मेलेला पिस्टन काय सांगतो

इंजिन उघडल्यावर जुना पिस्टन फेकू नका. तो पुरावा आहे. पुसून उजेडात धरा आणि खुणा कुठे आहेत ते पाहा.

चार ठिकाणी, साधारण चार कोपऱ्यांत उभे ओरखडे असतील, तर इंजिन थंड असताना पिळले गेले किंवा बोअर करताना फट कमी ठेवली गेली. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला धातू घासून पसरला असेल किंवा माथ्याला भोक पडले असेल, तर मिश्रण पातळ होते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि जळणाऱ्या वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर असते. पिस्टन वाचतो तो सतत उष्णता सोडत राहिल्यामुळे. माथ्याची कड वाळूने खरवडल्यासारखी खडबडीत झाली असेल, तर ते ठोक्याचे, म्हणजे नॉकिंगचे लक्षण : ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचण्याआधीच कडेचे मिश्रण दाबाने आपोआप भडकत होते. हेड फार घासले, ठिणगी फार आधी पडत राहिली किंवा पेट्रोल हलके निघाले, की असे होते. पिस्टनच्या सर्व बाजूंनी ओरखडे आणि कोरडेपणा दिसला, तर ऑइल मिळालेच नाही. रिंगचा तुकडा तुटून पोर्टमध्ये अडकला असेल, तर रिंग झिजलेली होती किंवा पोर्टच्या कडा धारदार होत्या.

दोन सिलिंडरांच्या इंजिनात आणखी एक साक्ष मिळते. एकच पिस्टन गेला असेल, तर दोष त्या बाजूचा : त्याचे कार्ब्युरेटर, त्याचे पॅकिंग, त्या टोकाचे क्रँक सील. दोन्ही गेले असतील, तर दोष सामाईक : पेट्रोल, ऑइल, टायमिंग किंवा थंड होण्याची व्यवस्था.

घाटात जाम झालेल्या गाडीचे कारण वेगळेही असू शकते. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद आणि गाडी गिअरमध्ये जोरात पळते, तेव्हा इंजिन फिरत असते पण त्याला पेट्रोल आणि त्यासोबतचे ऑइल जवळजवळ मिळत नाही. चिखलदऱ्याहून उतरताना अधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा, असे जुने चालवणारे सांगतात ते याच कारणाने.

अर्धे उघडणे म्हणजे पुन्हा उघडणे

सगळ्यात महागात पडणारी काटकसर इथे होते. वरचे हेड आणि ब्लॉक काढायचा, बोअर करायचा, नवा पिस्टन टाकायचा, आणि खालची क्रँककेस तशीच ठेवायची. पिस्टन फुटला किंवा वितळला, तर अ‍ॅल्युमिनियमचे कण खाली जातात आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगमध्ये बसतात. नवा पिस्टन त्याच बेअरिंगवर चालू लागतो आणि थोड्याच दिवसांत ते बेअरिंग जाते. पिस्टनचे तुकडे उडाले असतील, तर क्रँककेस फोडून, म्हणजे तिचे दोन भाग सुटे करून, आतून धुतल्याशिवाय गत्यंतर नाही.

रॉड हातात धरून वर-खाली खेचून पाहा. सरळ उभ्या दिशेने जरासाही खेळ जाणवला, तर बेअरिंग गेले. बाजूला थोडी हालचाल असणे चालते. टू-स्ट्रोकचा क्रँक बहुधा दाबून जोडलेल्या भागांचा असतो, त्यामुळे रॉड बदलताना तो प्रेसवर सुटा करून पुन्हा जोडावा लागतो. जोडल्यावर तो एका सरळ रेषेत फिरतो का, हे डायल गेजने तपासतात. वळवळ साधारण ०.०३ मि.मी.च्या आत हवी. ही साधने लहान गावात नसतात. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी लेथवाल्याकडे जावे लागले तरी जावे. हातोडीने क्रँक सरळ करणारा मिस्त्री तुमचे पैसे वाचवत नसतो.

क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील दर वेळी नवी घाला. मॅग्नेटच्या बाजूचे सील गळले तर बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. क्लचच्या बाजूचे गळले तर गिअरचे ऑइल ओढले जाते आणि गाडी पांढरा धूर सोडते.

शतांश मिलिमीटरचा हिशोब

ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी नवा पिस्टन विकत घ्या आणि ब्लॉकसोबत द्या. बोअर पिस्टनला मापून करायचा असतो. ओव्हरसाइजचा आकडा पाहून नव्हे. बाजारात पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मि.मी. अशा चढत्या मापांत मिळतात, पण एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही शतांशाचा फरक असू शकतो. पिस्टनचा व्यास खालच्या घेराजवळ, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात मोजतात. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजतात. किती फट ठेवायची ते पिस्टन बनवणारा सांगतो. ओतीव पिस्टनापेक्षा घडीव पिस्टन जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त फट लागते.

ही सगळी चर्चा लोखंडी अस्तराच्या सिलिंडरची. आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा दिलेले सिलिंडर बोअर करत नाहीत. मुलामा खराब झाला तर तो नव्याने द्यावा लागतो.

बोअर झाल्यावर होनिंग करून भिंतीवर तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्यांत ऑइल टिकते आणि रिंग लवकर बसते. पोर्टच्या प्रत्येक कडेची धार हलक्या हाताने मोडून गोल करा. हे राहिले तर नवी रिंग तिथेच अडकते. रिंग एकटी सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजा. ६४ मि.मी.च्या बोअरला साधारण ०.२५ मि.मी. ठीक असते. फट नसेल, तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरखडते.

पिस्टन घालताना माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा. टू-स्ट्रोकच्या रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोके त्या पिनेवरच यायला हवीत. गजन पिनची लॉके नेहमी नवी. काही रुपयांचे जुने लॉक उडाले, तर आख्खा ब्लॉक जातो.

जोर वाढवलेल्या इंजिनात आणखी एक माप घ्या : पिस्टन सगळ्यात वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार कडेपर्यंत घाला, इंजिन हाताने एकदा फिरवा, आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजा. छोट्या-मध्यम इंजिनांत ती साधारण १ मि.मी.च्या आसपास असते. फार कमी असेल तर वेगात रॉड किंचित ताणला जाऊन पिस्टन हेडला आपटतो. फार जास्त असेल तर कडेचे मिश्रण उशिरा जळते आणि ठोक्याला वाव मिळतो.

सुरू करण्याआधी दाबाची परीक्षा

इंजिन बांधून झाले, की पेट्रोल घालण्याआधी गळती तपासा. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांच्या जागा रबरी बुचांनी बंद करा आणि हातपंपाने आत साधारण ६ पौंड हवा भरा. टायरसारखी वीस-तीस पौंड हवा भरू नका, सील उलटतील. दाब सहा मिनिटे टिकला पाहिजे. मिनिटाला एका पौंडापेक्षा जास्त उतरत असेल, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. बुडबुडे आले, त्याच जागेने कदाचित आधीचा पिस्टन खाल्ला असेल. हे साधे साधन कोणताही मिस्त्री गॅरेजमध्येच बनवू शकतो, आणि शर्यतीचे इंजिन या परीक्षेशिवाय सुरू करणे म्हणजे नवा पिस्टन डावावर लावणे.

पहिल्यांदा सुरू करताना जेट एक-दोन नंबर मोठे ठेवा. गाडी थोडी घुसमटली तरी चालेल, पिस्टन वाचतो. इंजिन कोमट होईपर्यंत चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. असे दोन-तीनदा करून हेडचे नट तिरप्या, समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा कसा. त्यानंतर काही काळ अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर, वेग बदलत चालवा. जेट कमी करायचे तर एका वेळी एकच नंबर, आणि प्रत्येक वेळी प्लग काढून पाहा. चॉकलेटी रंग बरा, पांढरा धोक्याचा, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त.

हे प्रयोग रहदारीला बंद असलेल्या मोकळ्या जागेत करावेत, रस्त्यावर नव्हे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, आणि पूर्ण वेगात जाम झालेली गाडी चालवणाऱ्याला फेकून देते.

चौकट : थोडक्यात लक्षात ठेवावे

• जुना पिस्टन नीट पाहून कारण ठरवा. तोवर नवे सामान आणू नका.
• पिस्टनचे तुकडे उडाले असतील, तर क्रँककेस उघडून धुवा. सील आणि लॉके नेहमी नवी.
• बोअर नव्या पिस्टनच्या मापाने करा. पोर्टच्या कडा गोल करा.
• ६ पौंड दाबाची परीक्षा झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.
• ५ लिटर पेट्रोलमध्ये ऑइल : २०:१ ला २५० मि.लि., ३२:१ ला सुमारे १५६ मि.लि., ५०:१ ला १०० मि.लि. कोणते प्रमाण हे यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवा. गरजेपेक्षा जास्त ऑइल घातले, तर पेट्रोलचा वाटा कमी होऊन मिश्रण पातळच होते.
• थंडीत जेट एक नंबर मोठे, आणि इंजिन गरम झाल्याशिवाय पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि तिची धाकटी बहीण आरएक्स १३५ सुद्धा २००५ मध्ये बंद झाली. राजदूत ३५० त्याआधीच गेली. जे ब्लॉक आणि क्रँक आज आपल्याकडे आहेत, ते पुन्हा बनणार नाहीत. प्रत्येक चुकीचा बोअर या साठ्यातला एक ब्लॉक कमी करतो. म्हणून पुढच्या वेळी इंजिन जाम झाले, की मिस्त्रीला पिस्टन-किटचा भाव विचारण्याआधी एवढेच विचारा : "हे कशाने गेले?" त्याचे उत्तर पिस्टनवरची खूण दाखवून देणारा मिस्त्री सापडला, तर इंजिन बिनधास्त त्याच्या हाती द्या.